घरच्या घरी बदला मोटारसायकलचं क्लच फ्लुइड

घाटात ट्रॅफिक जॅम लागला आहे. पुढे ट्रक, मागे ट्रक, वर मे महिन्याचं ऊन. तुम्ही पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभे आहात. आणि तरीही गाडी हळूच पुढे सरकायला लागते.

आमच्या बाबतीत हेच झालं. खोपोलीहून वर जाताना शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे आम्ही अर्धा तास हाफ क्लचवर रांगत होतो. नवरा चालवत होता, मी मागे बसले होते. मला फक्त एक हिसका जाणवला. गाडी ट्रकच्या मागच्या फळीच्या दिशेने गेली, ह्यांनी दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि इंजिन बंद पडलं. फळी आणि आमचं पुढचं चाक यांच्यात वीतभर अंतर उरलं असेल. ह्यांनी क्लचचा लिव्हर पुन्हा दाबून पाहिला. तो ओल्या कपड्यासारखा मऊ झाला होता, थेट मुठीला जाऊन टेकत होता.

गाडी कडेला लावून पाऊण तास सावलीत बसलो. इंजिन थंड झालं तसा लिव्हरमध्ये थोडा जीव परत आला आणि आम्ही कसेबसे घरी पोहोचलो.

आता खरी गंमत ऐका. महिन्याभरापूर्वीच गाडीचं सर्व्हिसिंग झालं होतं आणि बिलावर 'क्लच फ्लुइड' अशी एक ओळही होती. दुसऱ्या दिवशी आम्ही हँडलवरच्या डबीचं झाकण उघडलं. आत काठोकाठ भरलेलं, कोऱ्या चहासारखं काळं पाणी. जुनं काढलंच नव्हतं, वरून थोडं नवं ओतलं होतं. सगळ्या गॅरेजवाल्यांना सरसकट नावं ठेवायची नाहीत, त्यांच्या दारात शनिवारी वीस गाड्या उभ्या असतात. पण हे काम असं आहे की झालं की नाही ते बाहेरून कळत नाही. म्हणून त्या रविवारी आम्ही ते घरीच केलं आणि आता दर दोन वर्षांनी करतो. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मेकॅनिक नाही. मला जमलं, तर तुम्हालाही जमेल.

आधी तुमची गाडी कोणती ते पाहा

भारतात रोज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींना क्लचची केबल असते. डाव्या लिव्हरपासून काळ्या आवरणातली तार निघून इंजिनपर्यंत जात असेल, तर तुमच्यासाठी हे काम नाही. तुम्ही फक्त केबलला तेल घाला आणि तिचा ढिलेपणा तपासा. पण डाव्या हँडलवरही उजव्या बाजूसारखीच एक छोटी डबी असेल, तर तुमचा क्लच हायड्रॉलिक आहे. मोठ्या इंजिनांच्या बऱ्याच गाड्यांना तो असतो.

आमची गाडी सुझुकी हायाबुसा. हायाबुसा म्हणजे जपानी भाषेत बहिरी ससाणा. 'धूम' आल्यापासून आपल्याकडच्या एका पिढीच्या डोक्यात ही गाडी बसली आहे आणि माझा नवरा त्याच पिढीचा. चाळिशी ओलांडल्यावर ह्यांनी ती जुनी घेतली, आमच्या आधी तिचे दोन मालक झाले होते. सासूबाईंनी तिला ओवाळलं आणि "केवढं हे धूड" म्हणून आत निघून गेल्या. अडीचशे किलोहून जास्त वजनाचं हे धूड क्लच न सुटता पुढे सरकलं तर काय होईल, हे तेव्हा आमच्या मनातही आलं नव्हतं.

हायड्रॉलिक क्लचचं काम समजायला सोपं आहे. तुम्ही लिव्हर दाबता, त्यामुळे डबीखालचा छोटा पिस्टन पुढे सरकतो आणि नळीतल्या द्रवाला ढकलतो. हाच वरचा मास्टर सिलिंडर. नळीच्या दुसऱ्या टोकाला इंजिनपाशी खालचा सिलिंडर असतो, त्याला स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. आमच्या गाडीत तो डावीकडे, पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या कव्हरवर आहे. त्यातला पिस्टन एका लांब दांड्याला ढकलतो, तो दांडा गिअरबॉक्समधून आरपार जाऊन उजवीकडच्या क्लच प्लेट एकमेकींपासून सोडवतो.

या सगळ्याचा आधार एकच. द्रव दाबला तरी आकसत नाही. पण त्यात हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला की गोष्ट बदलते, कारण बुडबुडा आकसतो. मग तुमच्या बोटांची सगळी ताकद तो बुडबुडा चेपण्यात जाते, खालचा पिस्टन जागचा हलत नाही आणि प्लेट सुटत नाहीत. घाटात आमचं तेच झालं.

बरणीतल्या मिठासारखं

पण बंद नळीत वाफ आली कुठून? पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. क्लचमध्ये जे फ्लुइड असतं, तेच ब्रेकमध्येही असतं. ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि मिठासारखंच ओलावा ओढतं. डबीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी नळीतून, सीलमधून, वर्षानुवर्षे अगदी थोडा थोडा ओलावा आत जात राहतो.

आता आकडे पाहा. डॉट 4 प्रकारच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळलं की त्याच फ्लुइडला किमान 155 अंशांची मर्यादा दिलेली आहे. म्हणजे शंभर थेंबांत चार थेंबही पाणी नाही आणि पंचाहत्तर अंशांची घसरण. डॉट 3 ची हीच मर्यादा 205 वरून 140 पर्यंत येते. खालचा सिलिंडर गरम इंजिनला चिकटलेला असतो. घाटातल्या जॅममध्ये गाडीला वारा लागत नाही आणि तुम्ही क्लच सारखा दाबत-सोडत असता. जुनं, ओलं फ्लुइड अशा वेळी दगा देतं आणि गाडी थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखं वागतं. म्हणूनच गॅरेजमध्ये नेल्यावर "काही प्रॉब्लेम नाही" असं उत्तर मिळतं.

सुझुकीच्या पुस्तिकेत क्लच फ्लुइड दर दोन वर्षांनी आणि त्याची रबरी नळी दर चार वर्षांनी बदलायला सांगितलं आहे. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी संबंध नाही. उभी राहिलेली गाडीही ओलावा पितेच. कोकण किनारपट्टी, गोवा, मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा दमट हवेच्या ठिकाणी राहत असाल तर दोन वर्षांचा नियम अजिबात लांबवू नका.

माझ्या सासऱ्यांची तरुणपणी राजदूत होती. ते म्हणतात, केबल बरी, ती तुटायच्या आधी सांगते. एकेक तार निसटते, लिव्हर जड होतो, चार दिवस आधी कळतं. त्यांचं म्हणणं मला पटतं. हायड्रॉलिक क्लच हलका असतो, प्लेट झिजल्या तरी स्वतःच जुळवून घेतो, पण तक्रार करत नाही. त्याचं पोट उघडून पाहावं लागतं.

पातळी वाढली तर काय समजायचं?

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, मलाही नव्हती. ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेकच्या डबीतली पातळी खाली जाते, कारण पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरायला जास्त फ्लुइड लागतं. क्लचमध्ये नेमकं उलट होतं. प्लेट झिजून पातळ झाल्या की त्यांना दाबून धरणारी तबकडी आत बसते, मधला दांडा बाहेर सरकतो, तो खालच्या पिस्टनला मागे सारतो आणि फ्लुइड वर डबीत परत येतं. म्हणजे क्लच जसजसा झिजतो तसतशी पातळी वर चढते.

याचा अर्थ असा की क्लचची डबी काठोकाठ भरणं ही सेवा नाही, चूक आहे. पुढे प्लेट झिजल्यावर परत येणाऱ्या फ्लुइडला आणि उष्णतेने पसरणाऱ्या फ्लुइडला जागाच उरत नाही. आणि पातळी खाली गेलेली दिसली, तर वरून ओतून विसरून जाऊ नका. ते फ्लुइड कुठेतरी गळतं आहे. बहुतेक वेळा खालच्या सिलिंडरचं सील गेलेलं असतं आणि ते चेनच्या काळ्या ग्रीसमागे लपलेलं असल्याने दिसत नाही. तिथे बोट फिरवून पाहा. ओलं लागलं तर आधी गॅरेज, मग बाकीचं.

काय काय लागेल?

सगळ्यात आधी फ्लुइड. कोणतं हवं ते डबीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. आमच्या गाडीवर डॉट 4 आहे. काही गाड्यांच्या क्लचला, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या काही मोठ्या गाड्यांना, खनिज तेल लागतं. त्यात डॉट फ्लुइड घातलं किंवा डॉटच्या गाडीत खनिज तेल घातलं, तर रबरी सील फुगून खराब होतात आणि सगळी व्यवस्था उघडून बदलावी लागते. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, त्याचा डॉट 4 शी काही संबंध नाही. नंबर पुढचा आहे म्हणून ते चांगलं, असं समजू नका. डॉट 5.1 मात्र ग्लायकॉलचंच आहे. नावांचा हा घोळ ज्याने घातला त्याला माझ्या नववीच्या वर्गात बसवायला हवं.

पाव लिटरची सीलबंद बाटली भरपूर होते. गेल्या वर्षी उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका, तिने इतक्या दिवसांत ओलावा प्यायलेला असतो.

बाकीचं सामान घरात किंवा गल्लीत मिळतं. ब्लीडरच्या मापाचा रिंग पाना, आमच्या गाडीला आठ नंबरचा लागतो. औषधांच्या दुकानातून वीस मिलिलिटरची सिरिंज. मासे पाळायच्या टाकीला हवेची जी पारदर्शक नळी लावतात, ती दोन हात. ब्लीडरवर घट्ट बसते की नाही ते मात्र पाहून घ्या. एक काचेची बाटली, हातमोजे, चष्मा आणि जुन्या बनियनच्या भरपूर चिंध्या.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल दोन शब्द. जपानी गाड्यांच्या झाकणाचे स्क्रू आपल्या नेहमीच्या चौफुलीच्या स्क्रूसारखे दिसतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि घसरून खाच खाऊन टाकतो. जपानी मापाचा मिळाला तर उत्तम. नाहीतर तुमच्याकडचा जो सगळ्यात घट्ट बसेल तो घ्या, वरून जोर देऊन दाबा आणि मगच फिरवा.

आणि भरपूर पाणी जवळ ठेवा. हे फ्लुइड रंगाचा शत्रू आहे, टाकीवर सांडलं तर थोड्याच वेळात रंग फुगून सोलटतो. सांडलं की पुसत बसू नका, लगेच पाणी ओता, पाण्यात ते विरघळून जातं. आम्ही टाकीवर आणि पुढच्या भागावर ओला टॉवेल पसरतो. डोळ्यांत उडालं तर पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर ते विष आहे. त्यामुळे काम चालू असताना लहान मुलं आणि घरातलं मांजर दोन्ही आत.

पावसाच्या दिवशी हे काम काढू नका. ओलावा बाहेर काढायलाच तर बसलो आहोत.

दाबा, धरा, सोडा

गाडी पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करा. ते नसेल तर हँडल थोडं फिरवून डबी सपाट होईल अशी ठेवा. झाकण उघडलं की खाली घड्या घातलेला एक रबरी पडदा दिसेल, तो जपून उचला. आतलं काळं फ्लुइड सिरिंजने ओढून घ्या, तळाचा गाळ चिंधीने टिपा आणि नवं फ्लुइड ओता. झाकण नुसतं वर ठेवून द्या. उघड्या डबीवर लिव्हर जोरात दाबला तर फ्लुइडचं कारंजं थेट तोंडावर येतं.

आता खाली या. ब्लीडरवर रबरी टोपी असते, ती काढून आजूबाजूचा चिखल पुसा. आधी रिंग पाना अडकवा, मग त्यावरून नळी बसवा. उलटं केलंत तर पाना जाणार नाही आणि सगळं पुन्हा करावं लागेल. नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत घाला आणि बाटलीत आधीच दोन बोटं नवं फ्लुइड घाला, म्हणजे टोक बुडालेलं राहील.

इथून पुढे दोन माणसं लागतात. एक लिव्हरवर, एक पान्यावर. आमच्याकडे पाना माझ्या हातात आणि लिव्हर ह्यांच्या. मी "दाबा" म्हटलं की लिव्हर हळू दाबायचा. "धरा" म्हटलं की धरून ठेवायचा. मग मी ब्लीडर पाव फेरा उघडते, नळीतून काळं फ्लुइड बाहेर येतं आणि लिव्हर मुठीकडे बसत जातो. मी ब्लीडर बंद करते, "सोडा" म्हणते, मगच लिव्हर सावकाश सोडायचा. एवढंच. पुन्हा तेच.

ऐकायला सोपं आहे. पण वीस वर्षांच्या संसारात कोणी कोणाचं किती ऐकतं हे अशा वेळी कळतं.

"सोडू?"

"अहो थांबा, अजून बंद नाही केलं!"

"मला वाटलं तू म्हणालीस."

ह्यांनी लिव्हर आधीच सोडला होता आणि बाटलीतलं फ्लुइड नळीतून सर्रकन वर चढलं. नळीचं टोक बुडवून ठेवायचं ते याचसाठी. टोक हवेत लटकत असतं तर हवा आत गेली असती. आमच्या आत थोडं जुनं फ्लुइड परत गेलं, दोन दाबांत ते पुन्हा बाहेर आलं. तेव्हापासून आमचा नियम असा की ऐकणाऱ्याने शब्द परत म्हणायचा. मी "सोडा" म्हणते, ते "सोडतो" म्हणतात, मग सोडतात. हसू येतं, पण चूक होत नाही.

दुसरी चूक मात्र महागात पडली. आम्ही दोघंही नळीतला रंग बघण्यात गुंगलो होतो. काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा मधासारखा होत आला. तेवढ्यात दारात कुरिअरवाला आला, त्याला सही देऊन परत आलो आणि चार दाब मारले. पाचव्या दाबाला नळीतून फसफस आवाज आला. वरची डबी रिकामी झाली होती. लिव्हर दाबला तर हाताला काहीच लागेना, जणू त्याला खाली काही जोडलेलंच नाही.

ही डबी लहान असते. दर चार-पाच दाबांनी तिच्यात फ्लुइड ओतावंच लागतं. दोघांपैकी एकालाही हे लक्षात ठेवायला जमत नसेल, तर तिसरा माणूस बसवा. आम्ही सासऱ्यांना प्लॅस्टिकची खुर्ची देऊन डबीपाशी बसवलं. त्यांनी चार मोजून "भरा" म्हणायचं. पुढचे दीड तास त्यांनी ते इतक्या कडकपणे केलं, की मला त्यांच्या नोकरीच्या काळातल्या कारकुनांची दया आली.

लिव्हर मऊच राहिला तर?

नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं फ्लुइड यायला लागलं तरी आमचा लिव्हर अर्धवट मऊच होता. हवा वर चढते आणि या व्यवस्थेतली सगळ्यात उंच जागा म्हणजे मास्टर सिलिंडर. तिथे अडकलेला बुडबुडा खालच्या ब्लीडरमधून कितीही फ्लुइड काढलं तरी बाहेर पडत नाही, कारण त्याला उलट दिशेने जायचं असतं.

अशा वेळी घाई सोडा. लिव्हर पूर्ण न दाबता अगदी थोडा, बोटभर, हळूहळू आत-बाहेर करा. डबीच्या तळाशी असलेल्या बारीक भोकातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. नळीवर पान्याच्या मुठीने हलक्या टिचक्या मारा, चिकटलेले बुडबुडे सुटतात. डबी भरलेली ठेवा आणि हँडल असं फिरवा की मास्टर सिलिंडरचं लिव्हरकडचं टोक खाली जाणार नाही.

एवढं करूनही राहिलं तर जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे. डबी बंद करा, लिव्हर मुठीशी दाबून जाड कापडी पट्टीने बांधा आणि झोपायला जा. रात्रभरात बारीक बुडबुडे नळीतून वर चढून मास्टर सिलिंडरपाशी गोळा होतात आणि सकाळी लिव्हर सोडला की डबीत निघून जातात. आम्ही ह्यांच्या जुन्या ऑफिसच्या टायने बांधला होता. सकाळी सहाला मी खाली जाऊन तो सोडला, एकदा दाबला आणि बोटांना ताठ, स्पष्ट विरोध जाणवला. मी वर येऊन चहा टाकला आणि ह्यांना उठवलं नाही, थोडा वेळ तो आनंद एकटीनेच घेतला.

बांधूनही लिव्हर मऊ राहत असेल, किंवा आज ताठ आणि उद्या पुन्हा मऊ असं होत असेल, तर ते हवेचं काम नाही. वरच्या किंवा खालच्या सिलिंडरचं सील गेलं आहे. ते चांगल्या मेकॅनिककडून बदलून घ्या. तुम्हीच खालचा सिलिंडर काढायचा ठरवलात तर एक लक्षात ठेवा, तो सुटा असताना लिव्हर दाबायचा नाही. पिस्टन टुणकन बाहेर येतो.

रस्त्यावर नेण्याआधी

ब्लीडर घट्ट करताना ताकद दाखवू नका. तो छोटा, आतून पोकळ असतो आणि जोर दिला की मोडतो किंवा आटे खातो. पाना टोकाला न धरता जवळ धरा, नेट लागला की थांबा. टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतल्या आकड्याने घट्ट करा. रबरी टोपी परत बसवा. वरच्या डबीत पातळी खालच्या आणि वरच्या रेषेच्या मध्ये ठेवा. रबरी पडदा खाली ओढला गेला असेल तर त्याच्या घड्या परत सरळ करून बसवा, मग झाकण. गाडीवर पाणी मारून पुसून घ्या.

आता तपासणी. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका, क्लच दाबा आणि गाडी ढकला. ती पुढे गेली पाहिजे. क्लच सोडून ढकलली तर अडली पाहिजे. मग समोर मोकळी जागा ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा, पुढचा ब्रेक धरा, क्लच दाबून पहिला गिअर टाका. थंड इंजिनला बारीक 'टक' होईल, ते चालेल. गाडीने ओढ घेतली तर मात्र अजून हवा आहे. बाहेर काढू नका. सगळं ठीक वाटलं तरी पहिली फेरी सोसायटीच्या आवारातच मारा आणि परत येऊन ब्लीडरपाशी कोरडी चिंधी लावून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा.

गाडी वॉरंटीत असेल तर हा सगळा उद्योग करण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे काम करून घेत असाल तर जुनं फ्लुइड बाटलीत भरून दाखवायला सांगा. कोणताही प्रामाणिक मेकॅनिक त्याला नाही म्हणणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या मुलाने आमचं हे सगळं पाहिलं आणि तो त्याची डिस्क ब्रेकची गाडी घेऊन आला. "काकू, माझ्या ब्रेकचंही करून द्या ना." फ्लुइड तेच, दोन वर्षांचा नियमही बहुतेक कंपन्यांचा तोच. तरी मी त्याला नाही म्हटलं. क्लचमध्ये हवा राहिली तर गाडी बंद पडेल आणि ब्रेक तिला थांबवेल. ब्रेकमध्ये राहिली तर थांबवायला कोण येणार? शिवाय 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना आपल्याकडे 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. काही गाड्यांत एबीएसच्या पेटीत अडकलेली हवा काढायला सर्व्हिस सेंटरचं यंत्र लागतं. त्याला सांगितलं, मेकॅनिककडे जा, पण शेजारी उभा राहून नळीतला रंग बघ.

उरलेलं काळं फ्लुइड गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. झाकणाच्या बाटलीत भरून, वर मोठ्या अक्षरात 'विष' असं लिहून ज्या गॅरेजमध्ये जुनं इंजिन ऑइल गोळा करतात तिथे विचारून द्या. बाटली कोल्ड्रिंकची नको, घरात कोणाचाही हात चुकून जातो. आमच्या डबीच्या बाजूला आता पांढऱ्या चिकटपट्टीवर सासऱ्यांच्या अक्षरात तारीख लिहिलेली आहे. तिच्याखाली त्यांनी पुढची तारीखही लिहून ठेवली आहे, बरोबर दोन वर्षांनंतरची, आणि कंसात 'खुर्ची आणणे'.